बाळाचा श्वास मोजणारा पट्टा आणि शाखेची निवड

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. विद्युतवाहक रबराची दोरी आणि मायक्रोकंट्रोलर (छोट्या संगणकासारखी चिप) वापरून तिने श्वास मोजणारा पट्टा केला आहे. बाहुलीच्या पोटात फुगा ठेवून, तो फुगवत-सोडत ती आलेख काढते. थोड्या वेळाने आलेख आपोआप सरकत जातो आणि ती हिरमुसते. आता तिला याच विषयात पुढे जायचंय, शिवाय माझ्या बहिणीच्या तान्ह्या बाळाला पट्टा लावून पाहायचाय. बायोमेडिकल घ्यावं की इलेक्ट्रॉनिक्स? आणि एवढ्याशा विषयावर आयुष्य बेतावं का?

उत्तर : ताई, आधी बाळाचं बोलते. तो पट्टा बाळाला लावू देऊ नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. अंगाभोवती आवळणारी वस्तू, उघड्या वायरी आणि बॅटरी हा धोका आहेच. पण आलेख छान दिसतोय म्हणून मोठी माणसं निर्धास्त होतात, याची मला जास्त काळजी वाटते. बाळांवरची चाचणी नैतिकता समितीची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांची देखरेख असल्याशिवाय करायची नसते. तिला हे कारणांसकट सांगा, नुसतं रागावू नका.

आलेख सरकतो त्यात तिची चूक नाही. अशा रबरात बहुधा कार्बनचे कण मिसळलेले असतात. ताण दिला की कणांचे एकमेकांशी असलेले संपर्क बदलतात आणि त्याबरोबर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळाही. ताण सोडल्यावर रबर लगेच मूळ जागी येत नाही, कणांची जुळणीही पहिल्यासारखी होत नाही. याला हिस्टेरिसिस म्हणतात, आलेखाच्या हळूहळू सरकण्याला ड्रिफ्ट, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळाही यांच्याशी झगडतात. कोणी सिलिकॉनच्या बारीक नळ्यांत गॅलियम-इंडियमचा द्रवरूप मिश्रधातू भरतं, कोणी वाहक धागा विणतं, कोणी रोधाऐवजी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजतं. तिच्यापुरता उपाय सोपा आहे. नवजात बाळ मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास घेतं, म्हणजे सेकंदाला अर्धा ते एक. ड्रिफ्ट याहून कितीतरी संथ असतो, त्यामुळे हाय-पास फिल्टरने, म्हणजे संथ बदल गाळून जलद बदल तेवढे ठेवणाऱ्या गाळणीने, तो वेगळा काढता येतो. फुगा त्याच वेगाने फुगवून तिला हे करून बघू द्या.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच पाच-दहा सेकंद थांबून तो पुन्हा सुरू होणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले वा ऑक्सिजन घसरला, तर डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. त्यातही श्वासमार्ग अडला असेल तर हवा आत जात नाही, पण बाळ धडपडत असल्यामुळे छाती हलतच राहते आणि पट्टा ‘सगळं ठीक’ सांगतो! म्हणून रुग्णालयात ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके सोबतीने पाहतात. घरी मॉनिटर लावून बाळाचा झोपेतला आकस्मिक मृत्यू टळेल असं समजू नका, असं अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण तसा पुरावा मिळालेला नाही. ताण मोजणं आणि बाळ धोक्यात आहे की नाही हे ठरवणं यांत बरंच अंतर आहे. ते कमी करण्यातच तिचं काम आणि करिअर आहे.

आता शाखा. आलेख सरकतो तेव्हा ती रबर बदलून बघते की कोड बदलून, हे जरा लक्ष देऊन पाहा. रबराकडे वळत असेल तर पदार्थविज्ञान (मटेरियल सायन्स) किंवा पॉलिमर (रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थांचं शास्त्र). कोडकडे किंवा सर्किटकडे वळत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमापाच्या उपकरणांची शाखा). माझा कल पहिल्या पदवीला इन्स्ट्रुमेंटेशन आणि पदव्युत्तरला बायोमेडिकल असा आहे. मात्र एखाद्या बायोमेडिकल अभ्यासक्रमात सर्किट्स, सिग्नल प्रोसेसिंग (सेन्सरच्या नोंदींतून नेमकी माहिती काढणं) आणि रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम हे तिन्ही भक्कम असेल, तर तोच घ्या. महाविद्यालयाच्या नावाआधी विषयांची यादी वाचा.

विषय लहान असल्याची भीती सोडा. ताण मोजणारे हेच सेन्सर कृत्रिम हात, मऊ रोबो आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम यांतही लागतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी त्वचेसारखे पातळ, वायरलेस सेन्सर ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. त्या कामात अभियंते आणि डॉक्टर दोघंही होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा चिकटपट्टी काढतानाही सोलवटते, हे माहीत नसलेला अभियंता तिथे उपयोगाचा नाही. उपकरणाची सुरक्षितता तपासणारे, त्याची कागदपत्रं आणि चाचण्या सांभाळणारे लोकही लागतात. त्या कामाबद्दल मुलांना कोणी फारसं सांगत नाही, पण ते मोलाचं आहे.

तिला एक प्रयोग द्या. छोट्या बॅटरीवर चालणारे दोन पट्टे तिने स्वतःच्याच कपड्यांवरून बांधावेत, एक छातीवर, एक पोटावर. मग नाक-तोंड बंद करून दोन-तीन सेकंद नुसती छाती-पोट हलवावी. हवा आत गेली नाही तरी पट्टे काय दाखवतात आणि दोन्ही लाटा एकदम चढतात की उलटसुलट, हे तिने वहीत टिपावं. ते आलेख आणि तुम्ही निवडलेल्या दोन अभ्यासक्रमांच्या विषययाद्या मला पाठवा, मग नेमकं कुठे अर्ज करायचा ते ठरवू.