बेटावरच्या सुरय (टर्न) पक्ष्यांची जोडपी वसाहतीत न शिरता कशी मोजावी?

पक्षी उडणार नाहीत इतक्या लांबची, जरा उंचावरची जागा गाठा आणि ट्रायपॉडवर स्पॉटिंग स्कोप (लांबचं पाहायची दुर्बीण) लावा. अंड्यांवर बसल्यासारखे दिसणारे पक्षी तेवढे मोजा. एक पक्षी म्हणजे एक जोडपं. नुसते उभे असलेले सोडून द्या, नाहीतर आकडा फुगतो. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडे शेवटीच पडताळावेत.

वेळ चुकते ती इथे: उबवण साधारण ३ आठवड्यांची. पिल्लं बाहेर आली की गवतात पांगतात, मग बसलेला पक्षी दिसणार कसा? म्हणून पिल्लं बाहेर पडायच्या आधीच मोजा.

गवत उंच असल्याने बसलेले पक्षी दिसत नसतील तर त्यांना उठवून, उडालेले पक्षी मोजून १.५ ने भागतात, म्हणजे ३०० पक्ष्यांची २०० जोडपी. प्रत्येक जोडीतले दोघं एकाच वेळी घरट्यापाशी नसतात, म्हणून २ ने भागायचं नाही. हा अंदाजच, पहिल्या पद्धतीइतका भरवशाचा नाही. मधेच अख्खी वसाहत एकदम गप्प होऊन समुद्राकडे झेपावते. तेव्हा थांबा, पक्षी परत बसले की नव्याने मोजा.

पावसात किंवा भर उन्हात पक्षी उठवू नका: अंडी गारठतात वा तापतात, आणि कुरव (सीगल) अंडी पळवायला टपलेलेच असतात.