पैशाचा प्रश्नच नसता, तर कोणती गाडी?

“आमचे हे रात्र रात्र मोबाईलवर गाड्या बघत बसतात. घ्यायची ऐपत नाही, तरी बघतात. हे व्यसन म्हणायचे का? आणि उद्या कर्ज काढून घर बुडवले तर?” समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून येतो. कधी तो पत्नी विचारते, तर कधी महागड्या मोटारसायकलचे फोटो भिंतभर लावणाऱ्या मुलाची आई विचारते. प्रश्नामागची भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेणे योग्य नाही. त्या भीतीचे उत्तर शोधताना उपयोगी पडलेला एक अनुभव संबंधित कुटुंबाच्या संमतीने येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटू नये इतके तपशील बदललेले आहेत.

गृहस्थांचे वय चव्वेचाळीस असून ते चाकण परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. पत्नी शाळेत शिक्षिका आहेत. पहिल्या भेटीला त्या एकट्याच आल्या. एका रात्री पतीचा फोन चार्जिंगला लावताना त्यांना पडद्यावर कर्जाच्या हप्त्याचे गणित दिसले होते : वीस लाख रुपये, नऊ टक्के व्याज, चौऱ्याऐंशी महिने, हप्ता ३२,१७८ रुपये. घराच्या कर्जाचे हप्ते अजून चालू असताना हा दुसरा आकडा पाहून त्यांची झोप उडाली. त्यात भर म्हणजे संध्याकाळी येणारे काही फोन हे गृहस्थ उठून गॅलरीत जाऊन घेत. बाईंच्या मनात आधी भलताच संशय आला होता. फोन शोरूममधल्या विक्रेत्याचे आहेत हे कळल्यावर त्यांना क्षणभर हायसे वाटले आणि लगेच दुसरी काळजी सुरू झाली.

दुसऱ्या भेटीला पतीही आले, पण आले ते रागावूनच. “मॅडम, मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, घरी वेळेवर येतो. गाड्या बघणे हा गुन्हा आहे का?” असे त्यांनी बसता बसताच विचारले. मी त्यांना त्या हप्त्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हिशेब तोंडपाठ सांगितला. वीस लाखांच्या त्या कर्जापोटी सात वर्षांत सुमारे सत्तावीस लाख भरावे लागतात, महाराष्ट्रात मोटारीची किंमत वाढते तसा रस्ता कराचा दरही चढतो, आणि पाचव्या वर्षात विमा कंपनीच्या कोष्टकात गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असते, हे सारे त्यांना ठाऊक होते. इतका बारीक हिशेब करणारा माणूस झपाट्यात सही करून बसण्याची शक्यता कमी, असे माझे मत झाले आणि ते मी दोघांसमोर बोलूनही दाखवले.

मग ते रोज रात्री नेमके करत काय होते? मोटार बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर एक आलिशान जर्मन मोटार निवडायची, तिचा रंग ठरवायचा, चाके बदलून पाहायची, आसनांचे चामडे निवडायचे, शेवटी एकूण किंमत पाहायची आणि पान बंद करायचे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, फक्त रंग वेगळा. पहाटे साडेपाचला उठून कंपनीची बस पकडायची असताना एक-दीड वाजेपर्यंत हे चालत असे.

व्यसनाच्या शंकेचे निरसन आधी करणे आवश्यक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात वर्तनाशी निगडित व्यसनांमध्ये जुगार आणि व्हिडिओ खेळ यांचा नावानिशी समावेश आहे. गाड्या बघण्याचा नाही. अनिवार खरेदी हा वेगळा आणि गंभीर प्रश्न असतो, पण या गृहस्थांनी खरेदी काहीच केलेली नव्हती. अशा वेळी मी नावापेक्षा नुकसान कुठे होते आहे ते पाहते. घरापासून लपवलेले कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे का, कामात चुका होत आहेत का, थांबवू म्हटले तरी थांबवता येत नाही असे होते का, कुणी अडवले तर आदळआपट होते का? त्यांच्या बाबतीत थकबाकी नव्हती आणि आदळआपटही नव्हती. नुकसान दोनच ठिकाणी होते : झोपेचे आणि नवरा-बायकोच्या बोलण्याचे.

येथे एक गोष्ट वाचकांसाठी स्पष्टपणे नोंदवते. एखाद्या व्यक्तीची झोप अचानक कमी होऊनही ती थकत नसेल, बोलणे भरभर होत असेल, मोठमोठे बेत आखले जात असतील आणि त्याच भरात गाडीचे आगाऊ पैसे भरून झाले असतील, तर समुपदेशकाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. तो वेड्या हौसेचा नव्हे, उन्मादाच्या आजाराचा भाग असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

या घरात तसे काही नव्हते. तरीही बघण्याचा मोह दर रात्री का होतो, हे समजून घेणे त्यांना स्वतःलाच हवे होते. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी मेंदूतील ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन प्रक्रिया वेगळ्या असल्याचे प्रयोगांतून दाखवले आहे. डोपामिन या मेंदूतील रसायनाचा संबंध मुख्यतः पहिलीशी येतो. त्यामुळे एखाद्या वस्तूची ओढ वाढत जाते, पण त्या मानाने तिच्यातून मिळणारे सुख वाढत नाही. दुसरे काम मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांचे आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आपल्या यशाची गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा कमी घटले होते, कारण नुसत्या कल्पनेनेच समाधानाचा काही हप्ता आधी पदरात पडतो. मी त्यांना म्हटले, “तुमची गाडी रोज रात्री साडेबाराला घेऊन होते आणि सकाळी बसच्या थांब्यावर परत जाते.” यावर ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

मग मी त्यांना घरी करण्यासाठी एक काम दिले. अमेरिकेत मिलवॉकी येथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी समुपदेशनात एक प्रश्न रूढ केला : रात्रीत चमत्कार झाला आणि तुमची अडचण नाहीशी झाली, तर सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल? माझा प्रश्न त्याचाच दूरचा नातेवाईक आहे. पैशाचा प्रश्न नाही, पार्किंगचा नाही, सोसायटीच्या चेअरमनचाही नाही, असे धरून पाच वाहने लिहायची. हा खेळ चहाच्या टपरीवर सगळेच खेळतात आणि त्यातून बहुधा चार-दोन परदेशी नावांपलीकडे काही निघत नाही. म्हणून माझी अट अशी असते की प्रत्येक वाहनापुढे तीन रकाने भरायचे : ते कुठे उभे असेल, पहिल्यांदा कुठे न्याल आणि शेजारी कोण बसलेले असेल. नुसत्या जाहिरातीतून उचललेले स्वप्न या रकान्यांपाशी अडखळते. पत्नीनेही स्वतंत्रपणे लिहावे आणि एकमेकांचे कागद आधी पाहू नयेत, असे सांगितले.

गृहस्थांनी आणलेला कागद पट्टीने रेघा मारून तयार केलेला होता; कारखान्यातला तपासणीचा तक्ता असतो तसाच. पहिल्या क्रमांकावर अपेक्षेप्रमाणे ती जर्मन मोटार होती, पण तिच्यापुढचे तिन्ही रकाने कोरे होते. दर रात्री जिच्या आसनांचे चामडे निवडले जाते, ती गाडी न्यायची कुठे हे त्यांना सुचलेच नव्हते. दुसरी होती १९९१ साली आलेली जुनी टाटा सिएरा, जी त्यांनी लहानपणी साखर कारखान्याच्या आवारात पाहिली होती. शेजारी कोण, या रकान्यात लिहिले होते : “मी मागे बसणार.” तिची मागची काच छतापर्यंत वळलेली होती आणि ती उघडत नसे, त्या काचेतून रस्ता मागे मागे जाताना त्यांना पाहायचा होता. सगळीकडे सारथ्य करून दमलेल्या माणसाला एकदा तरी मागे बसावेसे वाटते आहे का, असे मी विचारून पाहिले. त्यांना ते पटले नाही. काच छान होती, एवढेच, असे ते म्हणाले आणि मीही तो धागा सोडून दिला. प्रत्येक हौसेच्या पोटात काहीतरी दडलेलेच असते, असा आमच्या व्यवसायातला समज मला फारसा मान्य नाही. तिसरी येझदी रोडकिंग होती, जिची किक मारायची दांडीच पुढे गिअरची दांडी होते. ती त्यांच्या मामांची आठवण होती आणि तिच्याविषयी ते पाच मिनिटे आनंदाने बोलले.

चौथे वाहन टेम्पो ट्रॅव्हलर होते. त्यापुढे त्यांनी एक मापही लिहिले होते : “पायरी जमिनीपासून नऊ इंच.” आईचे गुडघे गेलेले आहेत. गावाहून पुण्याला येताना एस.टी.ची पहिली पायरी चढवत नाही म्हणून त्या येईनाशा झाल्या आणि नरसोबाच्या वाडीला एकदा जायचे आहे, एवढे एकच मागणे त्या फोनवर पुन्हा पुन्हा करतात. हे सांगताना गृहस्थांचा आवाज बदलला. पत्नी म्हणाल्या, “हे मला कधी बोलला नाहीत.” त्यावर त्यांचे उत्तर असे की गाडी घेतल्यावर नेणारच होतो, मग आधी काय बोलायचे?

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे वाक्य. परवडणारी, एका दिवसाची, साधी गोष्ट न परवडणाऱ्या गाडीच्या मागे उभी करून ठेवलेली होती आणि ती गाडी येईपर्यंत आईने थांबायचे होते. आपल्याकडे अनेक घरांत हे घडते. मोठी गाडी आली की फिरायला जाऊ, मोठे घर झाले की आई-वडिलांना आणू, असे म्हणता म्हणता ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांची वये निघून जातात. मी त्यांना एवढेच विचारले की या ओळीतला कोणता भाग पैशाविना अडला आहे? थोडा विचार करून ते म्हणाले, “पायरी.” पुढच्या महिन्यात त्यांनी एक दिवसासाठी गाडी भाड्याने ठरवली, आदल्या दिवशी जाऊन तिच्या पायरीची उंची मोजली आणि सुताराकडून मधल्या उंचीचा, चार पायांना रबर लावलेला भक्कम चौरंग करून घेतला. आई वाडीला जाऊन कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचे दर्शन घेऊन आल्या. चौरंग आता गावच्या घरीच असतो.

पत्नीच्या कागदावर पाच वाहने नव्हती. एकच ओळ होती : “कुठलीही चालेल, पण गिअर बदलायची कटकट नसलेली, आणि चावी माझ्या पर्समध्ये.” न्यायचे कुठे, यापुढे त्यांनी शाळा, माहेर आणि “कुठेही” असे लिहिले होते, तर शेजारी कोण, यापुढे “कोणी नको”. घरात बारा वर्षांची एक छोटी मोटार आहे, पण ती चालवायला शिकायचा विषय निघाला की “तुला कशाला, मी आहे ना,” हे ठरलेले उत्तर त्यांना मिळत आले होते. पतीने ते प्रेमानेच दिले होते यात मला शंका नाही. तरी त्या दिवशी सर्वांत जास्त वादावादी झाली ती याच ओळीवर. बाईंची पैशाची काळजी खरीच होती, मात्र घरातल्या वाहनाविषयीचे सगळे निर्णय आणि आता स्वप्नेसुद्धा एकट्याने ठरतात, ही खंत तिच्याइतकीच जुनी होती. त्यांनी शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, इतका अवधी पुरेसा असतो. सुरुवातीला शिकवायला नवराच शेजारी बसला आणि क्लचवरून रस्त्यातच भांडण झाले. तेव्हा संसाराच्या हितासाठी ड्रायव्हिंग स्कूलची फी भरावी, असा सल्ला मी दिला व तो दोघांनाही तत्काळ मान्य झाला.

रात्रीच्या गाड्यांवर आम्ही बंदी घातली नाही. बंदीने हौस लपून राहते आणि लपलेली हौस घराला जास्त महाग पडते. ठरले ते एवढेच की अकरानंतर फोन बैठकीच्या खोलीत राहील, विक्रेत्यांचे फोन गॅलरीत न जाता घेतले जातील आणि पन्नास हजारांवरच्या कुठल्याही कर्जाचा विषय आधी दोघांत होईल. रविवारी दुपारी ते आता एकत्र बसून गाडीचा रंग निवडतात. बाईंना गर्द लाल आवडतो, गृहस्थांना तो मुळीच पसंत नाही. झोप बऱ्यापैकी सुधारली आहे. महिन्यातून एखादी रात्र अजूनही दीड वाजेपर्यंत जाते आणि त्याचा बाऊ करू नये, असे मी बाईंना सांगितले आहे.

राहिला पाचवा क्रमांक. तेथे पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर होता, जो गावच्या विहिरीजवळ उभा राहणार होता आणि त्याच्या मडगार्डवर थोरला भाऊ बसणार होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत बरीच वर्षे बोलणे नाही. नवा ट्रॅक्टर दारात उभा केला म्हणून पाळीचा तंटा मिटणार नाही, हे गृहस्थांनी स्वतःच कबूल केले. भावाला आधी फोन करावा की दिवाळीत गावी गेल्यावर समोरासमोर बोलावे, यावर पती-पत्नीचे अद्याप एकमत झालेले नाही आणि त्यासाठी त्यांनी माझ्याकडे पुढची वेळ मागितली आहे.