शेजारी आधी ओरडतो, टीव्ही मागाहून दाखवतो: यात वायफायचा दोष किती?

तुमचा प्रश्न असा: घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, क्रिकेट स्मार्ट टीव्हीवर अॅपमधून बघता, तरी विकेट पडली की शेजारच्या फ्लॅटमधला जल्लोष तुमच्या टीव्हीच्या कितीतरी आधी ऐकू येतो. दुकानदार म्हणतोय, मेश वायफाय (घरभर दोन-तीन डबे ठेवून रेंज पसरवणारं) बसवा, सगळं अगदी 'लाइव्ह' दिसेल. बसवावं का?

नका बसवू. बेडरूममध्ये रेंज येत नसेल तर खुशाल बसवा, पण शेजाऱ्याच्या आधी विकेट दिसावी म्हणून नको. मी काही वर्षं केबलच्या हेडएंडमध्ये, म्हणजे जिथून सगळे चॅनल घरोघर सोडतात तिथे, काढली, नंतर स्ट्रीमिंगच्या बाजूला गेलो, आणि या विषयावरून दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांवर तावातावाने तुटून पडताना पाहिलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

२९ जून २०२४ ची रात्र आठवा. बार्बाडोस, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या षटकात आफ्रिकेला १६ हव्यात. हार्दिकचा पहिलाच चेंडू मिलरने उचलला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला. आमच्या बिल्डिंगमध्ये हा झेल तीनदा झाला. आधी तळमजल्यावरच्या काकांकडे, त्यांची डिश आहे. मग केबलवाल्या दोन घरांत. आमच्या टीव्हीवर हार्दिक अजून हातात बॉल फिरवत उभा होता आणि मुलगी खिडकीतून सांगत होती, "बाबा, आउट झालाय, काका नाचतायत." आमचा टीव्ही वायफायवर नव्हता. तो लॅन केबलने थेट राउटरला जोडलेला आहे. तरी डिशपेक्षा अर्धा मिनिट मागे.

मग हा अर्धा मिनिट जातो कुठे?

उपग्रहात जात नाही, ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना तसं वाटतं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद. डिशवरचं चित्रही मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, पण ते मुख्यतः कॉम्प्रेशनमुळे. एन्कोडर एकेक फ्रेम सुटी दाबत नाही, मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून दाबतो, आणि पुढची फ्रेम बघायची तर तिची वाट पाहावी लागते. गच्चीवरच्या अँटेनाच्या काळात हा प्रकार नव्हता. माझे वडील दूरदर्शनचा आवाज बंद करून आकाशवाणीची कॉमेंट्री लावायचे आणि दोन्ही जवळजवळ बरोबर चालायचं. सेट-टॉप बॉक्स आल्यावर रेडिओवाला बोल्ड म्हणायचा तेव्हा टीव्हीवरचा बॉलर नुकता धावायला लागलेला असायचा. वडिलांनी ट्रान्झिस्टर माळ्यावर टाकला तो तेव्हाच.

खरा वेळ जातो तो स्ट्रीमिंगच्या घडणीत. नळ आणि टँकर यांतला फरक म्हणा. डिश आणि केबल म्हणजे नळ, वरून सुटलं की धार तुमच्यापर्यंत येते. स्ट्रीमिंग म्हणजे टँकर. टँकर पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही, आणि सोसायटीची टाकी कोरडी पडू नये म्हणून आपण दोन-तीन टँकर आधीच ओतून ठेवतो. अॅपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली, तिच्यात व्हिडिओचे १० सेकंदांचे तुकडे पाडायचे असा सल्ला होता. प्लेअर असे तीन तुकडे हाताशी ठेवून चालायचा. झाले ३० सेकंद. पुढे सल्ला ६ सेकंदांवर आला, तरी तीन सक अठरा, वर एन्कोडिंग, वर सर्व्हर ते सर्व्हर प्रवास. यात तुमच्या राउटरचा वाटा किती? बहुतेक वेळा काही मिलिसेकंद.

हे ऐकून ही पद्धत गचाळ वाटेल, पण ती गचाळ नाही. तुकडा म्हणजे वेबवरची एक साधी फाइल. ती कुठल्याही वेब सर्व्हरवर ठेवता येते, गावोगावच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रेक्षकाच्या जवळच्या साठवणीच्या सर्व्हरवर, ठेवता येते, नेट मंदावलं तर पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवता येतो. एसटीत बसून मोबाइलवर मॅच बघता येते ती याच युक्तीमुळे. उशीर ही त्या सोयीची किंमत आहे.

किंमत कमी करायचे प्रयत्न झाले, आणि तिथली भांडणं मजेदार आहेत. तुकडा पूर्ण व्हायची वाट न पाहता, जसजसा तयार होईल तसतसा त्याचा चुरा पुढे सरकवायचा, ही कल्पना काही कंपन्या आधीपासून वापरत होत्या. जून २०१९ मध्ये अॅपलने कमी उशिराची स्वतःची पद्धत जाहीर केली आणि तिच्यात एचटीटीपी-२ मधली 'पुश' ही सोय सक्तीची केली. सीडीएनवाले, म्हणजे हे तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून प्रेक्षकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या, भडकले. सर्व्हरने न मागता माल ढकलायचा तर तुकड्यांची यादी आणि तुकडे हा माल एकाच दारातून जायला हवा, आणि मोठ्या सेवांमध्ये ते तसं नसतं. शिवाय उद्योगात एक रीत रुळत असताना दुसरी लादल्याचा राग होताच. शेवटी २०२० मध्ये अॅपलने ती सक्ती काढली. 'पुश'ची पुढची गत तर बघा, २०२२ मध्ये गूगलने क्रोममधूनच ती काढून टाकली. मी तेव्हा सीडीएनवाल्यांच्या बाजूने होतो, आजही आहे.

म्हणजे आज दोन-पाच सेकंदांच्या उशिरावर स्ट्रीम चालवणं तंत्राने शक्य आहे. मग क्रिकेटला सगळेच तसं का करत नाहीत? कारण टाकीत पाणी कमी ठेवलं की टँकर जरा अडकला तरी नळ कोरडा. गोल फिरणारं चाक दिसलं की प्रेक्षक अॅप बंद करतो; वीस सेकंद उशीर झाला तर, शेजारी ओरडेपर्यंत, त्याला कळतही नाही. कंपनीच्या जागी तुम्ही असतात तर काय निवडलं असतंत?

त्यात गर्दी. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या फायनलच्या वेळी डिस्नी प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाला फक्त २ एमबीपीएस दिलं असं धरा, तरी गुणाकार ११८ टेराबिट प्रतिसेकंदावर जातो. आणि ही ५.९ कोटी माणसं तेच चित्र बघत असताना प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवली जाते. उपग्रहाला प्रेक्षक एक की दहा कोटी, काही फरक पडत नाही. जुने ब्रॉडकास्टवाले हे वाक्य तोंडावर फेकतात तेव्हा आमच्याकडे खरंच उत्तर नसतं.

उत्तर आहे असं मानणाऱ्यांचा एक पंथ आहे, मल्टिकास्टचा. एक प्रत सोडायची, वाटेत जिथे फाटे फुटतात तिथेच राउटरने तिच्या प्रती करायच्या. स्टीव्ह डिअरिंग यांनी लिहिलेलं त्याचं मानक, आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावरचे क्रमांकित दस्तऐवज), ऑगस्ट १९८९ चं आहे. म्हणजे स्ट्रीमिंगच्या धंद्याहून जुनं. कागदावर इतकं देखणं की प्रत्येक पिढीतला कोणीतरी इंजिनिअर ते नव्याने शोधून काढतो. पण खुल्या इंटरनेटवर ते चाललं नाही. प्रत्येक राउटरने कोण काय बघतंय याचा हिशोब ठेवायचा, दुसऱ्या कंपनीच्या प्रती आपल्या यंत्रावर फुकट काढायच्या, आणि त्याचं बिल कोणाला पाठवायचं ते ठरलेलंच नाही. जिथे तारेपासून टीव्हीपर्यंत सगळं एकाच कंपनीच्या हातात असतं, तिथे आयपीटीव्हीमध्ये, म्हणजे नेट कंपनीच्याच तारेवरून येणाऱ्या टीव्हीत, मात्र ते उत्तम चालतं.

उत्तम चालतं म्हणजे घराच्या दारापर्यंत. आत आलं की वेगळीच गंमत, आणि घरातल्या नेटवर्कचा खरा संबंध इथे येतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा आयपीटीव्ही बॉक्स माझ्याकडे चाचणीसाठी आला होता. हॉलमध्ये बातम्यांचा चॅनल लावला की बायकोच्या लॅपटॉपवरची मीटिंग तुटायची. बंद केला की सुरळीत. दोन दिवस मी फायबरवाल्याला दोष देत होतो. निघालं असं की राउटरला आयजीएमपी स्नूपिंग येत नव्हतं. कोणत्या यंत्राला तो चॅनल हवाय हे न बघता तो सगळीकडे उधळत होता, वायफायवरही. वायफायवर मल्टिकास्ट म्हणजे छळ. पोच घेण्याची सोय नाही, आणि सर्वांत लांबच्या यंत्रालाही ऐकू जावं म्हणून राउटर सहसा सर्वांत कमी वेगाने बोलतो. वर्गात एका मुलासाठी मास्तर सगळा धडा अक्षर-अक्षर फोडून वाचतोय आणि बाकीचे ताटकळत बसलेत, तसं. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की त्यावर २०२१ मध्ये आरएफसी ९११९ हा स्वतंत्र दस्तऐवज निघाला.

आपल्याकडे तिसरा पक्षही आहे: मोबाइलमध्ये थेट टीव्हीचा सिग्नल, म्हणजे डी-टू-एम. प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि बंगळुरूच्या सांख्य लॅब्ज यांनी एटीएससी ३.० या टीव्ही प्रक्षेपणाच्या मानकावर चाचण्या घेतल्या आहेत. टॉवरवरून एकदा सोडायचं, ज्याच्या फोनमध्ये चिप आहे त्याने घ्यायचं, डेटा खर्च शून्य. अडतं ते त्या चिपशी. बहुतेक फोन बनवणारे ती घालायला तयार नाहीत, मोबाइल कंपन्यांना स्पेक्ट्रम आणि गिऱ्हाईक दोन्ही गमवायचं नाही. यापूर्वी डीव्हीबी-एच, म्हणजे मोबाइलवर थेट टीव्ही दाखवायचं युरोपातलं मानक, याच दगडावर आपटलं होतं. २००८ मध्ये युरोपीय संघाने पाठीशी घेऊनही ते मेलं. मला कल्पना आवडते, यशाची खात्री वाटत नाही. हेच टीव्हीच्या आत घातलं तर माझं मत वेगळं असेल, पण ती चर्चा पुन्हा कधी.

आता तुमच्या घराकडे. वायफाय अगदीच निर्दोष आहे असंही नाही. मॅच चालू असताना सिग्नल क्षणभर तुटला आणि चाक फिरलं, की बरेच प्लेअर सोडलेला भाग न गाळता तिथूनच पुढे चालू होतात. पाच सेकंद अडकलं की तुम्ही कायमचे पाच सेकंद आणखी मागे. संध्याकाळभरात अशी थकबाकी साठत जाते. म्हणून मॅचच्या शेवटच्या षटकांआधी अॅपमधलं 'लाइव्ह' बटण दाबा, ते नसेल तर अॅप बंद करून पुन्हा उघडा. फुकटचा उपाय आहे.

दुसरं, टीव्हीला तार लावा. फ्लॅटमध्ये भिंतीतून आधीच एखादा पाइप गेलेला असतो, केबल टीव्हीचा किंवा लँडलाइनचा. इलेक्ट्रिशियन त्यातून कॅट-६ची लॅन केबल ओढून देतो. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ओढू देऊ नका. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्याने घाबरू नका, फोर-के स्ट्रीमलाही साधारण २५ पुरतात. तार शक्यच नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधले सगळे राउटर त्याच तिघांवर बसलेले असतात.

मेश घ्यायचंच ठरलं तर दोन डब्यांमध्येही तार टाका. नुसत्या हवेवर बोलणाऱ्या स्वस्त मेशमध्ये तोच रेडिओ घेतोही आणि पुढे देतोही, त्यामुळे दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्मा उरतो. दुकानदार हे सांगणार नाही.

हे सगळं करूनही शेजाऱ्याकडे डिश असेल तर तो जिंकणारच. मोजून बघायचं असेल तर पुढच्या मॅचला त्याला फोन लावा, बॉलरच्या हातातून चेंडू सुटला की "सुटला" म्हणायला सांगा आणि तुम्ही स्टॉपवॉच धरा. फरक २०-३० सेकंद आला तर तुमचं नेटवर्क ठणठणीत आहे, उशीर अॅपने मुद्दाम ठेवलेला आहे. एक मिनिटाच्या वर गेला तर वरची थकबाकी साठलीय. आणि स्कोअरच्या नोटिफिकेशन बंद करा, त्या तर कित्येकदा टीव्हीच्या आधी येतात.

माझं विचाराल तर फायनल असली की मी खुर्ची उचलतो आणि तळमजल्यावर काकांकडे जाऊन बसतो.