इंग्रजीत मुद्द्याला मुद्दा जोडताना दरवेळी 'अँड' नाहीतर 'ऑल्सो'च येतं. दुसरं काय वापरू?

बोलताना ही दोन पुरतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फार तर 'प्लस' किंवा 'ऑन टॉप ऑफ दॅट' घ्या. मित्राशी गप्पा मारताना 'फर्दरमोअर' म्हणालात तर तो हसेल!

'मोरओव्हर', 'फर्दरमोअर' ही मंडळी निबंध-अहवालातली. इथे गडबड होते ती विरामचिन्हांची. 'द रेंट इज लो, मोरओव्हर द स्टेशन इज निअर' हे चूक. 'लो'नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, आणि स्वल्पविराम 'मोरओव्हर'नंतर.

'इन ॲडिशन'नंतर स्वल्पविराम देऊन पूर्ण वाक्य लिहा. पण त्याला 'टू' लागला की पुढे नाम किंवा 'आयएनजी'वालं रूप येतं: 'इन ॲडिशन टू टीचिंग, शी रन्स अ लायब्ररी.' 'टू टीच' नाही.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो 'बिसाइड्स'. आधीचं कारण पुरेसं आहेच, 'आणि तसंही...' म्हणून वाद मिटवायचा असेल तेव्हा: 'आय डोन्ट वॉन्ट टू गो. बिसाइड्स, इट्स रेनिंग.' शेवटचा 'एस' मात्र गाळू नका, नाहीतर अर्थ 'शेजारी' असा होतो.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर एक सांगतो. लेखनाचे 25 टक्के गुण सुसंगती आणि जोडणीला असतात हे खरं, पण म्हणून प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी जोडशब्द चिकटवलेत तर गुण उलट कमी होतात. परिच्छेदात एखाद-दुसरा बस्स झाला.