पीएचडी केली तर घरावर भार पडेल का?

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएचडी करायची खूप इच्छा आहे, पण बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. नोकरीच धरू का?
– एक वाचक

उत्तर : आधी पैशाचं बोलू. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे तू घरावर भार नाहीस. फक्त फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही. माझी एकदा चार महिने अडकली होती, तेव्हा आईने घर चालवलं. थोडी शिल्लक ठेवच.

आता खरं महत्त्वाचं : गाइड, म्हणजे पीएचडीला मार्गदर्शन करणारे सर किंवा मॅडम. एक ठिकाण सांगते. ठाण्याहून पनवेल लोकल पकड, खारघरला उतर. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. पण कुठेही अर्ज करण्याआधी त्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठ. चहा घेता घेता विचार, आधीच्यांना किती वर्षं लागली? पेपरवर पहिलं नाव कोणाचं आलं? आपण चुकलो तर सर किंवा मॅडम कसं बोलतात? हे वेबसाइटवर कधीच कळत नाही.

आणि लॅबमध्ये वाढवायच्या पेशींना रविवार नसतो गं. त्यांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलायला मी गौरी-विसर्जनाच्या दिवशीही गेले आहे. एकदा इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली, दोन महिन्यांचं काम गेलं, जिन्यात बसून रडले. दुसऱ्या दिवशी गोठवून ठेवलेल्या पेशींची नवीन व्हायल (कुपी) वितळवली. ती सकाळ मला अजून आवडते.

नेटचा अर्ज भर. बाबांशी आजच बोल, हे आकडे दाखव.