वाचकांचे प्रश्न : वाटेतच अडकलेलं चॅनेल

प्रश्न : हर्ग या पोटॅशियम चॅनेलमध्ये (हृदयाच्या पेशींच्या पटलातलं, पोटॅशियम बाहेर सोडणारं प्रथिन) एकच अमिनो आम्ल बदलून ते आम्ही एचईके 293 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातलं. प्रथिन भरपूर तयार होतं, पण पॅच क्लॅम्पवर, म्हणजे चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत, विद्युतप्रवाह जवळजवळ शून्य. चॅनेलचं दार बिघडलं असं धरायचं का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी चॅनेल पेशीपटलापर्यंत पोचलं का ते पाहा. लाँग क्यूटी सिंड्रोम या हृदयाची लय बिघडवणाऱ्या आजाराच्या दुसऱ्या प्रकारात हर्गमधली अशी बहुसंख्य म्युटेशन्स वाटेतच मार खातात. प्रथिनाची घडी नीट बसली नाही की एंडोप्लाझमिक रेटिक्युलममधली (पेशीतला, अशी प्रथिनं तयार होण्याचा भाग) तपासणी त्याला पुढे सोडत नाही. त्याला युबिक्विटिन ही ‘मोडीत काढा’ अशी खूण लागते आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं मोडणी-यंत्र ते मोडून टाकतं.

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, हे डोळ्यांना दिसतं. सुदृढ हर्गचे दोन पट्टे येतात. खालचा साधारण 135 किलोडाल्टनचा, म्हणजे रेटिक्युलममध्ये साखरेची प्राथमिक साखळी लागलेला. वरचा 155 चा, म्हणजे गॉल्जी या पुढच्या टप्प्यातून जाऊन साखळी पूर्ण झालेला. तुमच्या नमुन्यात खालचाच पट्टा ठळक असेल, तर माल गॉल्जीपर्यंत गेलेलाच नाही. खात्रीसाठी फक्त प्राथमिक साखळी कापणारं एंडो एच विकर वापरा: त्याने 135 चा पट्टा खाली सरकतो, 155 चा जागचा हलत नाही. नमुना मात्र 95 अंशांवर उकळू नका. पटलातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात, त्या जेलच्या तोंडाशीच अडकतात आणि पट्टा हरवला असं वाटतं. 37 अंशांवर अर्धा तास पुरतो.

पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन बायोटिनने (बाहेरून प्रथिनांना चिकटणारी रासायनिक खूण) मोजणार असाल, तर सगळं काम बर्फावर करा. पेशी उबदार राहिल्या तर खूण लागलेलं प्रथिन आत ओढून घेतात. बायोटिनच्या खुणेवरून वेगळ्या काढलेल्या भागात अ‍ॅक्टिन हे पेशीच्या आतलं प्रथिन दिसलं, तर बायोटिन फुटक्या पेशींच्या आत शिरलंय. तो प्रयोग बाद धरा.

मग पेशी 24 तास 27 अंशांवर ठेवून पाहा. जी601एस आणि एन470डी ही म्युटेशन्स (नावातला आकडा म्हणजे बदललेल्या अमिनो आम्लाची जागा) अशाने सावरतात. 155 चा पट्टा उगवला आणि प्रवाहही आला, तर दार शाबूत होतं, घडीच अडत होती. एन470डीला ई-4031 या औषधानेही आधार मिळतो. पण ते औषध हर्गचं छिद्रच बंद करतं, म्हणून प्रवाह मोजण्यापूर्वी ते धुऊन काढावं लागतं. उलट उदाहरण जी628एसचं: ते पृष्ठभागावर पोचतं, तरी प्रवाह वाहू देत नाही. तिथे दोष छिद्राचाच.

प्रश्न : हर्गच्या जनुकाची एक प्रत चांगली असताना प्रवाह निम्म्याहूनही कमी का होतो?

उत्तर : हर्ग चार उपएककांनी, म्हणजे एकत्र जुळलेल्या चार प्रथिन-साखळ्यांनी बनतं. चांगले-वाईट उपएकक सारख्या प्रमाणात, वाटेल तसे मिसळले, तर चारही चांगले येण्याची शक्यता ½ × ½ × ½ × ½, म्हणजे 16 पैकी 1. एका वाईटानेही चौकडी अडत असेल, तर जेमतेम 6 टक्के प्रवाह उरतो. वाईट उपएकक जुळणीआधीच नष्ट झाला, तर मात्र नुकसान निम्म्याच्या आसपास थांबतं. तपासताना चांगला आणि म्युटेशनचा असे दोन्ही डीएनए 1:1 घ्या आणि तुलनेच्या पेशींत चांगल्या डीएनएबरोबर तेवढाच रिकामा प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा डीएनएचा गोल, इथे जनुकाविना) घाला. हा भाग फार जण गाळतात, आणि मग पेशीवरचा डीएनएचा भारच म्युटेशनचा परिणाम म्हणून मोजला जातो.

प्रश्न : सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, म्हणजे सीएफटीआर हे चॅनेल बिघडल्याने होणाऱ्या आनुवंशिक आजारात, एकाच वेळी तीन औषधं कशाला?

उत्तर : सीएफटीआर हे 1480 अमिनो आम्लांचं, एकाच साखळीचं क्लोराइड चॅनेल, त्याला वरचं चौकडीचं गणित लागू नाही. 508 व्या जागेवरचं फेनिलअलानिन गळालं की त्याची घडी बिघडते आणि पोचलेल्या थोड्या चॅनेलचं दारही नीट उघडत नाही. एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर घडीला वेगवेगळ्या जागी आधार देऊन ते पटलापर्यंत पोचवतात, आयव्हाकॅफ्टर दार उघडं ठेवतं. जी551डी म्युटेशनमध्ये चॅनेल पोचलेलं असतं, फक्त उघडत नाही. म्हणून तिथे एकट्या आयव्हाकॅफ्टरनेही गुण येतो.