उपग्रहाला कोयनेचा तळ दिसत नाही

प्रश्न : मुलगी कऱ्हाडला बी.एस्सी. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तलाठी भरतीचा अभ्यास कर म्हटलं, तर म्हणते, उपग्रहाच्या चित्रांवरून धरणातल्या पाण्याची खोली मोजायचं शिकणार. यात पोट भरेल का? – एक पालक, पाटण तालुका

नमस्कार. पोटाचं आधी सांगतो. जलसंपदा विभागात अभियंत्यांच्या जागा बहुतेक स्थापत्यवाल्यांच्या. भूगोलाच्या पदवीवर त्या मिळत नाहीत. जिओइन्फॉर्मॅटिक्समध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि उपग्रहांची माहिती हाताळण्याच्या शास्त्रात, एम.एस्सी. केली तर नकाशांचं काम करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, सरकारी संस्थांतली प्रकल्पापुरती कंत्राटी कामं आहेत. सुरुवातीला पगार बेताचा. हे घरात चालणार नसेल तर तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

आता तिच्यासाठी. उपग्रहाला कोयनेचा तळ दिसत नाही. तांबडा प्रकाश पाण्यात काही मीटरांतच विरतो, निळा-हिरवा जास्त खोल जातो. परत आलेल्या रंगांच्या प्रमाणावरून खोली काढता येते, पण त्याला लक्षद्वीपच्या बेटांभोवती असतं तसं नितळ, उथळ पाणी लागतं. १०३ मीटर उंच भिंतीमागच्या शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, ते जमत नाही. धरणावर वेगळी युक्ती आहे. पावसाळा संपल्यावर भरलेलं पाणी मेपर्यंत उतरत जातं, तसा काठ आत सरकतो. वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांतून पाण्याचं क्षेत्र काढायचं आणि त्या-त्या दिवशी धरणावर नोंदलेली पातळी शेजारी मांडायची. दोन पातळ्यांच्या मधे किती पाणी मावतं, ते यातून निघतं. धरण बांधतानाच्या पाणीसाठ्याच्या तक्त्याशी ते ताडलं की गाळाने किती जागा खाल्ली तेही कळतं. मेमध्येही जो तळ उघडा पडत नाही, त्यासाठी मात्र होडीत बसून आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारा इको साउंडरच लावावा लागतो. म्हणून तीन महिन्यांत ‘सॅटेलाइट एक्स्पर्ट’ करून देणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका.

फी भरण्याआधी तिने एक काम करून पाहावं. खटावातलं येरळवाडीचं धरण घेऊन त्याच्या पाण्याचं क्षेत्र आणि पातळी यांचा असाच तक्ता करावा. कोयनेच्या चढ्या काठांवर पाणी आडवं फारसं सरकत नाही. उथळ पसरट तलावात फरक चटकन दिसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर अशी चित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा सेंटिनेल-१ चं ढगांतून पाहणारं रडार कामी येतं, पण ते नंतर. पातळीच्या नोंदींसाठी पाटबंधारे कार्यालयात अर्ज करावा लागेल, चकरा माराव्या लागतील. या कामात तेही येतंच. भूगोलाची मुलं अडतात ती गणितात, म्हणून संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आत्तापासून धरावी. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, त्यातला एक पुरा करावा.

उन्हाळ्याअखेर तिचा तक्ता तयार झाला तर एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेला बसू द्या. तलाठी भरतीची जाहिरात मध्येच निघाली तर फॉर्मही भरू द्या. एका परीक्षेने दुसरं दार बंद होत नाही.